छताचा दिवा आणि तिसरी तार



आज मी आपणांपुढें एका अगदीं घरगुती विषयावर बोलणार आहें. जुन्या घराच्या छताचा दिवा काढून त्या जागीं नवा दिवा बसवावयाचा झाल्यास काय काय पाहावें, हा तो विषय. यांत बोलण्यासारखें असें काय आहे, असें कोणासहि वाटेल. दोन वर्षांपूर्वीं मलाहि तसेंच वाटत होतें. मी कांहीं विजेचा जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंत मुलांना शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. परंतु एका दिव्यानें माझ्या घरीं जो धडा दिला, तो दुसऱ्या कोणास तशाच रीतीनें शिकावा लागूं नये, एवढ्याच हेतूनें मी येथें आलों आहें.

आमचें घर सातारा शहरांतील एका जुन्या पेठेंतलें. मातीच्या जाड भिंती, माजघरावर सागवानी तक्तपोशी, आणि त्या तक्तपोशीखालून लाकडी पट्टीवर खिळविलेल्या विजेच्या तारा. हें वायरिंग माझ्या वडिलांनीं १९५४ सालीं करून घेतलेलें. माजघराच्या मध्यभागीं काळ्या बेकेलाइटचा एक होल्डर लोंबत असे आणि त्यांत एक पिवळा बल्ब. एवढ्या उजेडांत आम्हां भावंडांचे अभ्यास झाले. पुढें माझ्या मुलानें नोकरीच्या गांवाहून एक सुंदर दिवा पाठविला. पितळेची चकचकीत मोठी तबकडी, तिला पितळेचीच कडा, आणि आंत एलईडीचा पांढरा प्रकाश. दिव्यांतून तीन तारा बाहेर आलेल्या होत्या. त्यांतली एक हिरवी.

दिवा बसवावयास आलेला वायरमन माझाच जुना विद्यार्थी. शिडीवरून त्यानें विचारलें, "गुरुजी, छतांत तारा दोनच आहेत. ही हिरवी कोठें जोडूं?"

मीं विचारलें, "ती जोडली नाहीं तर दिवा लागेल ना?"

तो म्हणाला, "लागेल कीं."

"मग टाक कापून," मीं सांगितलें.

हिरवी तार कापली गेली. दिवा लागला. माजघर उजळून निघालें आणि आम्ही सर्व खूष झालों.

चार महिन्यांनीं दिवाळीची झाडलोट निघाली. माजघर दिवसाहि काळोखें, म्हणून दिवा लावलेलाच होता. शहाबादी फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओली होती. माझी पत्नी अनवाणी पायांनीं लोखंडी स्टुलावर चढली आणि ओल्या फडक्यानें ती पितळी तबकडी पुसूं लागली. स्टुलाच्या पायांचीं रबरी बुचें केव्हांच झिजून गेलीं होतीं. तिची किंकाळी ऐकून मी धांवलों, तों ती खालीं पडलेली होती. पडली म्हणूनच हात सुटला आणि जीव वांचला; मनगटाचें हाड मात्र मोडलें. मीं वर पाहिलें तर दिवा शांतपणें जळत होता. फ्यूज उडाला नव्हता. घरांतला एकहि दिवा विझला नव्हता. जणूं कांहीं झालेंच नव्हतें.

त्या जळत्या दिव्याचा मला त्या दिवशीं फार राग आला. पण विचार करतां करतां ध्यानांत आलें कीं, दिव्याचा त्यांत कांहींच अपराध नव्हता. "दिवा लागेल ना?" हा प्रश्नच मीं चुकीचा विचारला होता. तो चुकीचा कसा, तें आतां सांगतों.

विजेचा प्रवाह हा शेताच्या पाटासारखा आहे. एका बाजूनें पाणी येतें, वाफ्यांतून फिरतें आणि दुसऱ्या बाजूनें निघून जातें. दिव्याला प्रवाह आणणारी तार ती फेज, आणि परत नेणारी ती न्यूट्रल. आपल्या घरीं या दोहोंमधील दाब २३० व्होल्ट असतो. दिवा लागण्यास या दोन तारा पुरतात. तिसरीचें कांहीं काम पडत नाहीं. मग तिसरी कशाला?

जुन्या तलावाच्या बांधाला एका बाजूस सांडवा ठेवलेला असतो, तो आपण पाहिला असेल. वर्षानुवर्षें सांडवा कोरडा असतो. शेताला पाणी मिळावयाचें तें पाटानें मिळतें. सांडव्यानें एक वाफाहि भिजत नाहीं. पण ज्या वर्षीं पूर येतो, त्या वर्षीं सांडवा बुजविलेला असेल तर बांध फुटतो. हिरवी तार हा विजेचा सांडवा आहे. दिव्याच्या धातूच्या अंगापासून निघून ती जमिनींत पुरलेल्या पट्टीपर्यंत जाते आणि जन्मभर रिकामी बसून असते. दिव्यांतील फेज तार कवचाला कोठें टेंकली, तर मात्र तो प्रवाह माणसाची वाट न पाहतां या तारेनें जमिनींत उतरतो.

येथें कोणी विचारील, प्रवाहाला जमिनींत जाण्याचें कारण काय? कारण असें कीं, पेठेंतल्या ट्रान्सफॉर्मरपाशीं न्यूट्रल मुद्दाम जमिनीशीं जोडलेली असते. त्यामुळें जमीन हीहि प्रवाहाला परत जाण्याची एक वाट झालेली असते. फेजला हात लागलेला मनुष्य ओल्या फरशीवर अनवाणी उभा असेल, तर प्रवाह त्याच्या शरीरांतून जमिनींत उतरून घरीं परततो.

आतां दुसरा प्रश्न. फ्यूज कां उडाला नाहीं? याचें उत्तर साध्या भागाकारांत आहे. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा विरोध सुमारें १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबानें त्यांतून ०.२३ अँपिअर प्रवाह जातो. साठ वॅटच्या जुन्या बल्बला याहून किंचित् अधिक, म्हणजे ०.२६ अँपिअर लागतो. दिव्यांच्या मार्गावरील फ्यूज बहुधा ५ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीनें घरांत आणखी एक बल्ब लागला, एवढेंच! आणि मनुष्याला तर ०.०१ अँपिअरच्या सुमारास हात सोडवेनासा होतो, ०.०३ च्या पुढें प्रवाह कांहीं वेळ टिकला तर श्वास आणि हृदय यांना धोका पोंचतो. म्हणून हें वाक्य ध्यानांत ठेवावें: फ्यूज तारांचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. एमसीबीचेंहि तेंच.

मग आमच्या वाडवडिलांनीं दोनच तारा घातल्या, तें अज्ञानानें काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. मुंबईंत घरोघर वीज देणारी कंपनी १९०५ सालीं निघाली, खोपोलीचें टाटांचें जलविद्युत् केंद्र १९१५ सालीं सुरू झालें, आणि मग हळूहळू गांवोगांव दिवे आले. त्या काळच्या साध्या घरांतील होल्डर बहुधा बेकेलाइटचा वा चिनी मातीचा, त्याखालचा ठोकळा लाकडाचा, आणि दिवा हाताला न लागेल इतका उंच. स्पर्श होईल असा धातूच तेथें नव्हता, म्हणून तिसऱ्या तारेची उणीव भासली नाहीं. तीन भोकांच्या प्लगापुरती अर्थची तार घालीत. दिव्यांना घालीत नसत. जुन्या तारा आणि जुना दिवा यांची ती जोडी जुळलेली होती. चूक झाली ती मीं त्या जुन्या तारांवर पितळी दिवा टांगला तेव्हां.

शिवाय त्या तारांचेंहि वय झालेलें असतें. त्या काळच्या तारा म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलें तांबें, त्यावर रबर आणि त्यावर सुताची वीण. रबर जुनें झालें कीं ठिसूळ होतें. उष्णतेनें तर फारच लवकर. साठ, शंभर वॅटच्या बल्बांनीं छतापाशींच्या टोंकांना पन्नास वर्षें शेक दिलेला असतो. अशी तार नव्या दिव्यांत कोंबण्यासाठीं वांकविली कीं रबर राखेसारखें गळून पडतें. आमच्या घरीं हेंच झालें होतें. तबकडीच्या धारदार कडेवर तार दाबली गेली, रबर तडकलें आणि उघडें तांबें पितळेला टेंकलें.

इतकें समजल्यावर, अशा घरांत नवा दिवा बसवितांना काय करावें, तें क्रमानें सांगतों. नवी तार ओढणें आणि अर्थिंग करणें हें परवानाधारक विद्युत् ठेकेदाराचें काम आहे; तें घरच्या घरीं करूं नये. परंतु काम करणारा बरोबर करतो आहे कीं नाहीं, एवढें घरधन्याला कळलें पाहिजे.

पहिली गोष्ट, बटण बंद केलें म्हणजे दिव्याची वीज गेली, असें जुन्या घरांत समजूं नये. कित्येक ठिकाणीं बटण चुकून न्यूट्रल तारेवर घातलेलें असतें. बटण बंद करतांच दिवा विझतो, परंतु होल्डरपर्यंत फेज तशीच जिवंत राहते. बटण बंद असतांहि एलईडीचा दिवा रात्रीं मंद मंद लुकलुकतो, त्याचें एक कारण हें असूं शकतें.

दुसरी गोष्ट, एखादा फ्यूज काढून ठेवला म्हणजेहि निर्धास्त होऊं नये. फार जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल या दोहोंवर वेगवेगळे फ्यूज असत. न्यूट्रलवर असा स्वतंत्र फ्यूज ठेवण्यास १९५६ च्या विद्युत् नियमांनीं मनाई केली, तरी जुने फळे तसेच राहून गेले आहेत. न्यूट्रलचा फ्यूज काढला तर दिवे सारे विझतात आणि तारा मात्र जिवंतच. म्हणून दोनहि तारा एकदम तोडणारा मेन स्विच बंद करावा आणि तो दुसरा कोणी चालूं करणार नाहीं अशी व्यवस्था करावी.

तिसरी गोष्ट टेस्टरची. टेस्टर चमकला नाहीं एवढ्यावरून तार मृत ठरत नाहीं. टेस्टरच बिघडलेला असूं शकतो, किंवा पाहणारा कोरड्या लाकडी शिडीवर उभा असल्यामुळें तो पुरेसा चमकत नाहीं. आधीं जिवंत ठिकाणीं टेस्टर चमकतो हें पाहावें, मग मेन स्विच बंद करून छताच्या प्रत्येक तारेला लावावा, आणि मग टेस्टर पुन्हां दुसऱ्या जिवंत ठिकाणीं, उदाहरणार्थ मेन स्विचच्या मीटरकडील बाजूस, जाणकाराकडून तपासून घ्यावा. हा तीन वेळांचा परिपाठ कंटाळवाणा खरा, पण शिडीवरच्या माणसाचा जीव त्यावर असतो.

चौथी गोष्ट, रंगावर विसंबूं नये. तांबडी तार फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ, हा आपल्याकडील जुना संकेत. परंतु जुनें सूत धुरानें काळवंडून दोन्ही तारा सारख्याच दिसतात. आणि छतांत तिसरी तार आढळली तर ती अर्थचीच, असेंहि मानूं नये. कांहीं ठिकाणीं पुढच्या दिव्याकडे नेण्यासाठीं कायमची फेज छताच्या गोल कपाळींतून, म्हणजे सीलिंग रोझमधून, नेलेली असते. तिला अर्थ समजून जोडल्यास दिव्याचें सारें अंग आपल्याच हातांनीं जिवंत केल्यासारखें होईल.

पांचवी गोष्ट, तारेचें टोंक हलक्या हातानें वांकवून पाहावें. रबर तडकत असेल तर त्या तारेवर नवा दिवा मुळींच बसवूं नये. नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळणें म्हणजे फाटक्या छत्रीला कागद लावणें होय. निदान बटणापासून दिव्यापर्यंतची तार नवी घालावी. तक्तपोशींतला लाकडी गुटकाहि तपासावा. ज्यानें एका बल्बचा भार सोसला, तो जड दिव्याचा सोशीलच असें नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. छतांत दोनच तारा आहेत, तर दिवा कोणता घ्यावा?

सर्वांत उत्तम, घराचें सारें वायरिंग नव्यानें, अर्थसह, करून घ्यावें. तें शक्य नसेल तर निदान ज्या खोलींत धातूचा दिवा लावावयाचा, तेथपर्यंत एक हिरवी तार मीटरजवळच्या अर्थच्या पट्टीपासून आणावी. आणि ती पट्टी खरोखर चांगल्या जमिनीशीं जोडलेली आहे कीं नाहीं, हें मापून घ्यावें. पुष्कळ जुन्या घरांत अर्थची तार परसांतल्या खड्ड्यापर्यंत जाते खरी, पण तेथें गंजून केव्हांच तुटलेली असते.

हेंहि तूर्त जमत नसेल, तर धातूच्या दिव्याचा मोह सोडावा. बाजारांत दुहेरी आवरणाचे दिवे मिळतात. त्यांवर एका चौकोनांत दुसरा लहान चौकोन, अशी खूण छापलेली असते. या दिव्यांना तिसरी तार लागतच नाहीं, कारण फेज आणि आपला हात यांमध्यें प्रवाह अडविणारीं दोन कवचें असतात. ज्या दिव्याला हिरवी तार किंवा अर्थची खूण असलेला स्क्रू आहे, तो मात्र तिसऱ्या तारेवांचून लावूं नये. हिरवी तार कापून टाकण्याची सोय म्हणून कोणीहि दिलेली नसते.

याशिवाय मेन स्विचपाशीं आरसीसीबी नांवाचें यंत्र बसवावें. फेजनें जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलनें परत आला काय, याचा तें अखंड हिशेब ठेवतें. ०.०३ अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअर, इतका प्रवाह वाटेंत कोठें गळाला कीं तें एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आंत सारें बंद करतें. घरांत अर्थ नसला तरी तें हें काम करतें. तरीहि दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. धक्का बसणें तें टाळीत नाहीं, त्याचा काळ अगदीं थोडा करतें. आणि एका हातांत फेज व दुसऱ्या हातांत न्यूट्रल आली, तर त्याला कांहींच कळत नाहीं. कारण हिशेब तेव्हां बरोबर जुळतो. जुन्या वायरिंगवर तें वरचेवर पडूं लागलें, तर तें काढून टाकण्याची बुद्धि कोणास होऊं नये. गळका हंडा दाखविणाऱ्यावरच रागावण्यासारखें तें होईल. त्यावरील चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें.

शेवटीं, दोन गोष्टी कधींहि करूं नयेत. हिरवी तार दिव्यापाशींच न्यूट्रलला जोडून देण्याची एक युक्ति कांहीं लोक सांगतात. ती घातक आहे. न्यूट्रल मागें कोठें तुटली, तर फेजचा प्रवाह दिव्यांतून येऊन त्या धातूच्या अंगावर उभा राहतो. म्हणजे रक्षणासाठीं जोडलेली तारच मारेकरी होते. दुसरी युक्ति ती तार नळाला बांधण्याची. हल्लीं नळ वाटेंत कोठें तरी प्लास्टिकचे झालेले असतात; तेव्हां ती वीज जमिनींत न जातां शेजारच्या मोरींतल्या तोटीवर जाऊन बसूं शकते.

आमच्या घरची हकीकत पुरी करतों. आम्हीं माजघराची तार बदलली, परसांत अर्थचा नवा खड्डा केला, हिरवी तार दिव्यापर्यंत आणली आणि आरसीसीबी बसविलें. काम त्याच विद्यार्थ्याच्या देखरेखीखालीं परवानाधारक ठेकेदारानें केलें. तो बिचारा स्वतःला फार दोष देत होता. मीं त्याला सांगितलें, "अरे, तूं विचारलें होतेंस. चुकीचें उत्तर मीं दिलें." छत्तीस वर्षें मुलांच्या पाट्यांवर चुकीच्या उत्तरांवर खुणा केल्या, माझ्या उत्तराची खूण मात्र माझ्या पत्नीच्या मनगटावर राहिली आहे. तें हाड सांधलें, पण पोळपाट-लाटणें घेऊन बसली कीं तो हात तिला अजून थांबून थांबून चालवावा लागतो.

म्हणून श्रोतेहो, आपल्या जुन्या घरांत नवा दिवा येईल त्या दिवशीं, कापावयाची सुरी हातांत घेण्यापूर्वीं त्या हिरव्या तारेकडे एकवार पाहा. दिवा लागेल कीं नाहीं, हें विचारूं नका. तो लागणारच आहे. उद्यां घरांतलें कोणी ओल्या हातानें त्याला शिवलें तर काय होईल, हें विचारा. त्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत जुना बेकेलाइटचा होल्डर आणि त्यांतला साधा बल्ब यांत कमीपणा मानूं नका.